आधी पाणी, मग मशीन

यंदाची पहिली किरकिर मी गॅरेजचं शटर वर ढकलत असताना ऐकली. सुरूच्या झाडांपलीकडून, समुद्राच्या बाजूने. वॉटर स्कूटर. म्हणजे सीझन सुरू झाला. पाऊस गेल्याचं आमच्या भुईगावात ज्याला त्याला आपापल्या परीने कळतं. कुणाला वाडीतला चिखल चपलेला चिकटेनासा झाला की कळतं, कुणाला दोरीवर बोंबील चढले की कळतं, माझ्या बायकोला, फिलूला, कपाटातल्या साड्यांचा कुबट वास गेला की कळतं. मला त्या किरकिरीवरून कळतं, आणि एकदा कळलं की दिवसभर तोंड कडू होऊन बसतं. फिलू म्हणते, "सगळं गाव पाऊस गेला म्हणून खूश, तुझंच थोबाड तेवढं लटकलेलं." खरंय तिचं. ऑक्टोबर मला सोसत नाही.

तसा महिना वाईट नाही. ऊन चटके देतं, पण संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो आणि केळीची फाटकी पानं वाजायला लागतात. तिकडे पूर्वेला, चांदीपच्या बाजूला, भात पिकून पिवळा झालेला असतो. तिकडचे लोक झोडणीच्या मशीनची इंजिनं टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात. त्या इंजिनांच्या फटींत गेल्या वर्षीचा भुसा अडकलेला असतो. तो काढताना हाताला खाज सुटते, आणि वास मात्र छान येतो. असल्या इंजिनांशी माझं चांगलं जमतं. बिघडली की बिघडली, सुधारली की गुपचूप चालतात. त्यांच्यापायी माझी कुणाशी भांडणं होत नाहीत.

भांडण झालं ते एकाच इंजिनावरून, आणि तेही घरातल्या घरात.

माझा बाबा, पास्कोल, आयुष्यभर होडीवर होता. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करायची पद्धत नाही, म्हणून मीही तो-तो करूनच लिहितो. घरातली बोली मात्र इथे जरा धुऊनपुसून घेतलीय, नाहीतर गावाबाहेरच्या माणसाला अर्धं कळायचं नाही. तर हा बाबा. त्याने जन्मात कुणाची स्तुती केली नाही. आई बिचारी सणाला राबराब राबून जेवण करायची, सगळे बोटं चाटायचे, आणि बाबा ताटावरून उठताना म्हणायचा, "मीठ बरोबर हाय." बस. आई तेवढ्यावर आठवडाभर खूश असायची. मी बोटीवर फिटर म्हणून वर्षानुवर्षं काढली, माझ्या उंचीच्या दुप्पट इंजिनांच्या पोटात उतरून कामं केली, आणि कायमचा घरी आलो तेव्हा बाबा म्हणाला, "दुसऱ्याच्या बोटीत तेल कोनीपन घालील." मला त्याच्याकडून काय हवं होतं ते सरळच सांगतो, लाजायचं काय त्यात? एकदा, फक्त एकदा, माझ्या कामाबद्दल त्याने म्हणावं, मीठ बरोबर आहे.

ती संधी टेम्पोत बसून आली. माझा थोरला भाऊ रुजाय, ज्याला मी दादा म्हणतो, त्याने अलिबागकडून एक जुनी वॉटर स्कूटर आणली. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, आणि इंजिन जाम. रविवारी वसईतल्या फ्लॅटवाल्यांची किनाऱ्यावर जत्रा भरायची, त्यांना पैसे घेऊन फेऱ्या मारून आणायच्या ही त्याची योजना. "धंदा मी बघतो, इंजिन तू बघ. आपल्या दोघांचं," म्हणाला. पावसाचे दिवस होते. आम्ही ती स्कूटर दादाच्या, म्हणजे आमच्या जुन्या घरच्या, अंगणात चिकूच्या झाडाखाली घेतली, वर ताडपत्री बांधली, आणि मी इंजिन बाहेर काढलं.

ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं, हेही सांगायला हवं. ताडपत्रीवर पाऊस वाजतोय, मी गोणपाटावर बसलोय, समोर जुन्या चादरीवर सगळे पार्ट ओळीने मांडलेत. पिस्टन नवे, रिंगा नव्या, क्रँकची सीलं नवी, गॅस्केटं नवी. जुनी घाण ब्रशने घासून काढली, सिलिंडर आतून गुळगुळीत करून आणले, एकेक बोल्ट थोडा थोडा करत आवळला. फिलू आमच्या घरून चहा घेऊन आली की म्हणायची, "बाळ आंघोळ घालून निजवलंय जसं काय." आणि बाबा पडवीत खुर्चीवर बसून बघायचा. गुडघे गेले होते त्याचे. होडी विकून टाकली होती. समुद्र सोडलेला माणूस घरात किती जागा अडवतो ते ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच कळेल. दिवसभर तो खुर्चीवर, आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून चालायचे.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा इंजिन एका झटक्यात सुरू झालं. काय आवाज होता! भरलेला, सलग, कुठे अडखळणं नाही. दादाने मला मिठी मारली, वहिनी घरातून धावत आली. मी बाबाकडे बघितलं. बाबाने विचारलं, "पेट्रोल किती पिते?"

असो.

पाऊस गेल्यावर फादरना बोलावलं. चर्चमधली मिस्सा झाल्यावर ते किनाऱ्यावर आले, प्रार्थना म्हणाले, स्कूटरवर पवित्र पाणी शिंपडलं. वहिनीने फुगे, म्हणजे आमच्याकडचे सणाचे गोल गोडसर वडे, तळले होते, ते वाटले. आमच्याकडे होडी असो की रिक्षा, आशीर्वादाशिवाय कुणी चाक किंवा वल्हं हलवत नाही. सीझन झोकात सुरू झाला. आणि बाबाने स्वतःला एक काम लावून घेतलं. खारं पाणी लोखंडाला खातं, म्हणून स्कूटर रोज संध्याकाळी ट्रॉलीवरून घरी आणायची आणि विहिरीच्या गोड्या पाण्याने तिचं इंजिन आतून धुवायचं. पंपाच्या नळाला पाइप लावायचा, दुसरं टोक इंजिनाला. हे काम दुसऱ्या कुणी केलेलं बाबाला चालेना. दुपारचा चहा झाला की तो पाइप उलगडून बसायचा. ट्रॉली यायला उशीर झाला तर आम्हाला शिव्या. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर तेज आलं होतं. वहिनी म्हणाली, "बाबा हल्ली भात मागून घेतात."

मलाही त्याचं बरं वाटलं. मशीन धुवायची कशी हे मला त्यानेच तर शिकवलं होतं. होडीची मशीन, म्हणजे मागे टांगलेली ती आउटबोर्ड मोटार, समुद्रावरून आणली की गोड्या पाण्याच्या पिंपात उभी करायची आणि मग चालू करायची. पिंप भरायच्या आधी कुणी दोरी ओढली तर पाठीत धपाटा. "आधी पानी, मंग मशीन." आमच्या घरात परमेश्वराच्या आज्ञांनंतर हीच आज्ञा. ती मोटार पाण्याशिवाय चालली तर तिच्या पायातला रबरी पंप जळतो, म्हणून. कारण मला पुढे कळलं, धपाटा आधी कळला होता.

मग एके रविवारी स्कूटर दोरीला बांधून घरी आली.

नेमका रविवार. मिस्सा सुटलेली, किनाऱ्यावर अख्खं गाव आणि निम्मी वसई. लांब आत गेलेल्या स्कूटरचा आवाज आधी एका बाजूने फाटला, मग बंदच पडला. दादाच्या मागे बसलेला माणूस, माणिकपूरचा कुणी तरी, हात हलवून बोंबलत होता. शेवटी जाळी टाकून परतणाऱ्या एका होडीने दोरी फेकली आणि दोघांना ओढत आणलं. होडीवाले हसत होते. बाबा सुरूखाली उभा होता, दोन्ही हात काठीवर. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझी होडी कधी दोरीनं घरी आली नाय."

त्या एका वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं नंतर कुणाच्याच बोलण्याने लागलं नाही. आणि नंतर बोलायला कुणी कमी केलं नाही. इंजिन शेवटचं मी उघडलं होतं ना, मग पाप माझंच. आमच्या धंद्याचा हा नियमच आहे. शेवटी ज्याचा हात लागला त्याचा गळा पकडायचा. पावाच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे एकच. "इनासने खोललं होतं म्हणे." माझं नाव इनास. त्या दिवसांत ते मला स्वतःलाच नकोसं झालं होतं.

मी परत इंजिन उघडलं. मागचा सिलिंडर ओरखडलेला, पिस्टन घासलेला. क्रँकच्या बेअरिंगवर तांबूस गंज, आणि खाली तेलाचं ताकासारखं पांढरं पाणी झालेलं. म्हणजे आत पाणी शिरत होतं. कुठून? हेडचं गॅस्केट तपासलं, धड होतं. पाण्याचे सगळे पाइप दाब देऊन बघितले, कुठे थेंब नाही. खालची बॉडी चिरली असेल म्हणून तिच्यात पाणी भरून ट्रॉलीवर ठेवली, खाली जमीन कोरडी. गिऱ्हाइकांनी उलटवली असेल आणि चुकीच्या बाजूने सरळ केली असेल, तसं केलं तर धुराच्या पाइपातलं पाणी इंजिनात उतरतं, म्हणून दादाला विचारलं. तो म्हणाला एकदाही उलटली नाही. नवे पार्ट घालून इंजिन परत बसवलं, तरी तेच, आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे, रोज होत नव्हतं. काही दिवस मस्त चालायची, मध्येच एखाद्या सकाळी कुंथत सुरू व्हायची. नेमाने बिघडणारं इंजिन पकडता येतं. हे लहर लागेल तेव्हा बिघडत होतं, आणि माझी झोप उडाली होती. जेवताना घास हातात धरून मी मनातल्या मनात पाण्याची वाट शोधत बसायचो. फिलू म्हणायची, "तो घास खा नाहीतर मला दे."

दादाचा धीर सुटला. "तुला जमत नव्हतं तर सांगायचं होतं," म्हणाला. हे तो अंगणात म्हणाला, बाबा ऐकत असताना. मला वाटलं होतं, बाबा एवढं तरी बोलेल की पोराने मेहनत घेतली. छे! उलट थोड्या वेळाने म्हणाला, "हाताला यश लागते." म्हणजे माझ्या हाताला ते नव्हतं.

मग मुंबईहून मेस्त्री आला. त्याने इंजिनाकडे नुसतं बघितलं आणि च्यक च्यक केलं. "पहिलेवाले ने काम की वाट लगा दी है." जगातला प्रत्येक मेस्त्री पहिल्यांदा हेच वाक्य बोलतो, मीही बोलतो, पण ते स्वतःबद्दल ऐकताना कानात शिसं ओतल्यासारखं होतं. त्याने परत सगळं नवं घातलं. मी पडवीच्या खांबाला टेकून बघत होतो. काम बरं करत होता, खोटं कशाला बोलू. वहिनीने त्याच्यासाठी कोळंबी केली. मला कुणी जेवायला थांब म्हटलं नाही.

आणि थोड्याच दिवसांत स्कूटर पुन्हा सकाळी कुंथायला लागली! देवा, तुला सांगतो, मला आनंद झाला. भावाचं नुकसान होत होतं आणि मी मनात फुगे तळत होतो. मेस्त्रीने फोनवर सांगितलं, "आपका पेट्रोल खराब है," आणि त्यानंतर फोन उचलणं बंद केलं. शेवटी दादा माझ्या दारात आला. आत न येता म्हणाला, "बघ रे तूच. उद्या सकाळी किनाऱ्यावर न्यायच्या आधी."

सकाळी गेलो. अंगणात चिकूची पानं पडली होती, कोंबड्या ट्रॉलीखाली उकरत होत्या. मी दोन्ही प्लग काढले. प्लग काढल्यावर बटण दाबलं तर सिलिंडरात जे असेल ते भोकातून बाहेर उडतं, म्हणून माणसाने लांब उभं राहायचं असतं. मी वैतागात वाकलेलाच राहिलो आणि बटण दाबलं. फस्सकन पाणी उडून तोंडावर आलं. शिवी घालायला तोंड उघडलं, आणि जिभेला चव लागली.

खारट नव्हतं.

मी बोटाने हेडवरचं पाणी टिपलं आणि परत चाखलं. पेट्रोलचा ओशट वास, तेलाची चव, पण मीठ नाही. समुद्रात राहणाऱ्या यंत्राच्या पोटात समुद्राचं पाणी नव्हतंच. हे आमच्या विहिरीचं पाणी होतं, लहानपणापासून पितोय ते. इतके दिवस मी समुद्र कुठून शिरतो ते शोधत होतो, आणि समुद्राने काहीच केलं नव्हतं. मी तिथेच ट्रॉलीच्या दांडीवर बसलो. कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळची वाट बघितली.

संध्याकाळी ट्रॉली आली. बाबाने पाइप इंजिनाला लावला. पंप चालू केला, नळ सोडला. मग छातीवर क्रूसाची खूण केली. मग कुंपणापलीकडून शेजारच्या बस्त्यावने विचारलं, आज पापलेट आलं काय, आणि बाबा त्याच्याशी बोलत उभा राहिला. पापलेट, मग बर्फ, मग कुणाच्या तरी लग्नाचं. पाणी आत जातच होतं. सगळं बोलून झाल्यावर बाबा गुडघा धरून वाकला आणि त्याने बटण दाबलं. आधी पाणी, मग मशीन.

होडीच्या मोटारीला ते बरोबर आहे. वॉटर स्कूटरला बरोबर उलटं. हिच्यात धुवायचं पाणी शेवटी धुराच्या पाइपात जातं, आणि मशीन चालू असेल तर धूर त्याला बाहेर ढकलतो. मशीन बंद असेल तर ढकलणार कोण? पाणी साचत जातं आणि मागल्या दाराने सिलिंडरात उतरतं. ज्या दिवशी बस्त्याव कुंपणाशी यायचा नाही त्या दिवशी बाबा लगेच बटण दाबायचा आणि काही व्हायचं नाही. ज्या दिवशी गप्पा रंगायच्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर कुंथायची. लहर इंजिनाची नव्हती, बस्त्यावची होती.

"बाबा, नळ बंद कर," मी म्हणालो.

"का?"

"आधी मशीन चालू करायची. मग पाणी सोडायचं. आणि बंद करताना आधी पाणी बंद, मग मशीन."

"पानी नाय आनि मशीन चालू करू? जाळून टाकू? तुला कोनी शिकवलं रे?"

"ही होडीची मशीन नाय, बाबा. पाणी आत जातंय. मी चाखलंय. दोन वेळा इंजिन गेलं ते ह्याच्यामुळे."

मी हे मोठ्याने बोललो. बस्त्याव कुंपणाला टेकून होता, वहिनी दारात होती, दादा चहाचा कप घेऊन बाहेर आला होता. फिलू आजही म्हणते, हळू सांगता आलं असतं. सांगता आलं असतं की, पण हळू सांगितलेलं त्या घरात माझं कुणी कधी ऐकलं होतं? माझी बदनामी तर भर किनाऱ्यावर झाली होती.

बाबाने हातातल्या पाइपाकडे बघितलं. मग नळ बंद केला. पाइपाची गुंडाळी केली, होडीवरचा दोर गुंडाळतात तशी, एकसारखी, आणि विहिरीच्या खांबाच्या खिळ्याला अडकवली. हात लेंग्याला पुसले आणि आत गेला. त्या दिवसानंतर त्याने पाइपाला हात लावला नाही.

"लाज नाय वाटत?" दादा म्हणाला. "सोताची चूक म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतोस?"

"गळ्यात नाय बांधत. ते पाणी चाखून बघ."

"तू नीघ इथून. माझ्या मशीनला हात लावू नको."

निघालो. 'आपल्या दोघांचं' मधला एक त्या संध्याकाळी कमी झाला. आणि गंमत बघा, त्यानंतर स्कूटर पूर्ण सीझन कुरकूर न करता चालली. माझा जीव सांगत होता का चालली ते: धुवायला आता दुसरा माणूस होता, आणि पाणी सोडून गप्पा मारणारं कुणी नव्हतं. गाव म्हणालं, मुंबईवाल्याचा हात चांगला. कुणी म्हणालं, फादरनी दुसऱ्यांदा पाणी शिंपडलं म्हणून. बस्त्यावने सगळं डोळ्यांनी बघितलेलं, तोही म्हणाला, "बघ इनास, मुंबईवाला शेवटी मुंबईवाला." मी त्याच्या मोटरसायकलचं काम तीन महिने लांबवलं. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

बाबाकडे मी जायचो, रविवारी. तो अंगणात खुर्चीवर बसलेला असायचा. पावसाचं बोलायचा, मासळीचं बोलायचा, फिलूने पाठवलेलं खाऊन वाटी परत द्यायचा. इंजिनाचं नाव नाही. मीही काढलं नाही. कधी कधी वाटायचं, आत्ता बोलेल, आत्ता म्हणेल, इनास तुझं बरोबर होतं. तो घसा खाकरायचा आणि मी कान टवकारायचो. मग तो म्हणायचा, "वारा फिरला." पुढे एका पावसाळ्यात तो गेला. शेवटपर्यंत त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, आणि मी धरून चाललो की माझ्या हाताला यश नाही हेच मनात घेऊन गेला. प्रत्येक ऑक्टोबरला ती किरकिर ऐकली की हेच सगळं पुन्हा वर येतं.

यंदाही आलं. त्याच दिवशी दुपारी दादाचा फोन. आता बोलतो आम्ही, लग्नाकार्यात, दुखण्याखुपण्यात. "एका स्कूटरची बॅटरी बसलीय, जरा येतोस?" त्याच्याकडे आता नव्या मशीन आहेत. मी फिलूला म्हटलं, जात नाही. तासाभराने चार्जर उचलून गेलो.

अंगण तेच. चिकू म्हातारा झालाय. बॅटरीला चार्जर लावून मी उभा होतो. तेवढ्यात दिवसभर चाललेली दुसरी स्कूटर ट्रॉलीवरून आली. तिला धुवायला दादाने यंदा विरारचा एक नवा माणूस ठेवलाय, अशोक नावाचा. त्याने पाइप जोडला आणि नळाला हात घातला.

"ए!" दादा आतून ओरडला. "आधी मशीन, मंग पानी! किती वेळा सांगायचं? आमच्या बाबाने घालून दिलंय ते!"

माझा हात चार्जरवरच राहिला.

"बाबाने?" मी म्हणालो.

"मग कोनी? खुर्चीत बसून रोज ओरडायचा ना. जो माणूस धुवायला येईल त्याला. आधी मशीन, मंग पानी. बंद करताना आधी पानी, मंग मशीन. कोनी चुकला तर काठी उगारायचा."

"कधीपासून?"

दादा आठवायला लागला. "तो धुवायचा बंद झाला ना, तेव्हापासून. दुसऱ्याच दिवसापासून."

मी रविवारी जायचो. रविवारी गर्दी असायची, ट्रॉली उशिरा यायची, तोवर मी निघालेला असायचो. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "माझं नाव घ्यायचा का रे कधी?"

"नाय," दादा म्हणाला. "कोनी विचारलं असं उलटं का, तर म्हनायचा, आपल्या घरात ज्याला इंजिनातलं कळतं त्यानं सांगितलंय. आम्हाला वाटायचं, सोताबद्दलच बोलतोय."

अशोकने बटण दाबलं. मशीन चालू झाली, मग त्याने पाणी सोडलं. दादा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी यायला लागलं होतं. तो तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "बॅटरी रात्रभर लावून ठेव," आणि गाडीला किक मारली. रस्त्यात दोन वेळा थांबावं लागलं, समोरचं नीट दिसेना.

गेल्या आठवड्यात मृतांचा दिवस होता. संध्याकाळी सगळं गाव कबरस्तानात, झेंडूचा आणि मेणाचा वास, लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडतायत, फुलं मांडतायत. फिलू माझ्या आईच्या कबरीशी थांबली. मी बाबाच्या कबरीवरची पानं काढली, मेणबत्ती रोवली, वाऱ्याला हात आडवा धरून पेटवली. प्रार्थना म्हणायला गेलो आणि रागच आला.

"बाबा," मी म्हटलं, चांगलं मोठ्याने, शेजारच्या कबरीवरचे लोक वळून बघायला लागले इतक्या मोठ्याने, "घरात ज्याला इंजिनातलं कळतं, तो मी होतो. एवढं माझ्या तोंडावर सांगितलं असतंस तर काय तुझी जीभ झडली असती?"